गल्लीभर एकच आरोळी

2 नोव्हेंबर 2025 ची रात्र. नवी मुंबईत डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला विश्वचषकाचा अंतिम सामना पावसामुळे उशिरा सुरू झालेला, त्यामुळे मध्यरात्र जवळ आली तरी सोलापूरच्या साखर पेठेत कुणी झोपलं नव्हतं. आमच्या घरात भाच्याचा मोबाईल पाण्याच्या तांब्याला टेकवून ठेवला होता आणि पाच माणसं त्या वीतभर पडद्यापुढे डोकी जुळवून बसली होती. आई थोडी मागे, मांडीवर सूप, उद्याच्या विड्यांची पानं कापत. दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट शतक करून खेळत होती. दीप्ती शर्मा चेंडू टाकायला वळली, आणि तेवढ्यात भिंतीपलीकडून एकच आरडाओरडा झाला. शेजारी डिशवर सामना चालू होता. आमच्या मोबाईलवर चित्र काही क्षण मागे होतं, चेंडू अजून दीप्तीच्या हातात होता. मग तो हवेत गेला. अमनजोत कौरच्या हातातून एकदा निसटला, दुसऱ्यांदा निसटला, तिसऱ्यांदा बसला. त्या झेलाचा सगळा जीव त्या निसटण्यात होता, आणि आम्हाला तो बसणार हे आधीच कळून चुकलेलं. भाचा म्हणाला, "मजाच गेली बे."

त्याचं ते बोलणं माझ्या मनातून जात नाही, कारण नेमकं काय गेलं ते मला ठाऊक आहे. मी ते लहानपणी पोटभर अनुभवलंय.

22 एप्रिल 1998. शारजात भारत-ऑस्ट्रेलिया सामना. आमच्या गल्लीत केबल एकाच घरात होतं, एका यंत्रमागवाल्याच्या. त्यांच्या बाहेरच्या खोलीत फार तर दहा माणसं मावायची, म्हणून त्यांनी टीव्ही उचलून खिडकीत ठेवला, तोंड रस्त्याकडे. रस्त्यावर पोरं, पायरीवर म्हातारी माणसं, समोरच्या कट्ट्यावर विड्या वळणाऱ्या बायका. शारजात धुळीचं वादळ उठलं तेव्हा सगळे गप्प झाले. एप्रिलमधली वावटळ काय असते हे सोलापूरकराला कुणी समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडच्यासारखंच तिकडेही सगळं पिवळं पडलं होतं. खेळ पुन्हा सुरू झाला तेव्हा षटकं कमी झाली होती. जिंकायला 46 षटकांत 276 हव्या होत्या, पण अंतिम फेरी गाठायला 237 पुरत होत्या. हा 237 चा हिशेब गल्लीत तोंडातोंडी फिरत होता. कट्ट्यावरची एक आजी तेलुगूशिवाय बोलायची नाही आणि तिला क्रिकेटमधलं काही कळायचंही नाही. दर षटकाला ती एवढंच विचारायची, पोरगा अजून खेळतोय ना? पोरगा, म्हणजे सचिन, खेळत होता. 143 करून बाद झाला तोवर 237 मागे पडल्या होत्या. सामना आपण हरलो आणि अंतिम फेरीत गेलो. गल्ली हरलेल्या सामन्यावर नाचत होती. दोनच दिवसांनी, आपल्या पंचविसाव्या वाढदिवशी, त्याने 134 काढून चषकही आणून दिला. पण मला विचाराल तर पहिली रात्रच मोठी.

ही आठवण सांगताना मी सचिनच्या एकाही फटक्याचं वर्णन केलं नाही. कुणालाही विचारून बघा, तुझ्या मनात घर करून बसलेला सामना कुठला? माणूस सुरुवात करतो ती आपण कुठे होतो, कुणाच्या घरी होतो, शेजारी कोण होतं तिथून. धावसंख्या मागून येते आणि पुष्कळदा चुकीची येते. फटके काय, मोबाईलवर हवे तेव्हा पुन्हा बघता येतात. ती खिडकी बघता येत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की सामना सगळ्यांना एकाच वेळी, एकमेकांच्या सोबतीने बघता येणं ही सार्वजनिक वस्तू आहे, बाग किंवा वाचनालय असतं तशी. ती आपल्या हातून निसटत चाललीय, आणि ती टिकवणं सरकारचं, क्रिकेट मंडळाचं आणि आपल्या महापालिकेचंही काम आहे.

माझ्या वडिलांच्या पिढीकडे तर चित्रही नव्हतं. 18 जून 1983 ला विश्वचषकात, इंग्लंडमधल्या टनब्रिज वेल्सला झिम्बाब्वेविरुद्ध 17 धावांत पाच गडी गेले आणि कपिल देव 175 करून नाबाद राहिला. त्या डावाचं चित्रीकरणच नाही. तरीही भारतातल्या कुठल्याही गावात त्या डावाविषयी भरभरून बोलणारा माणूस भेटतो. त्यानंतर आठवड्याभरात, 25 जूनला, लॉर्ड्सवर आपण 183 त आटोपलो आणि वेस्ट इंडीजला 140 त गुंडाळलं. वडिलांनी तो सामना एका हॉटेलात रेडिओवर ऐकला. रिचर्ड्सचा झेल कपिलने मागे धावत घेतला हे त्यांनी नंतर कधीतरी पडद्यावर पाहिलं, आणि म्हणाले, मी बघितला होता तो याहून लांबचा होता. इथल्या सामन्यांना तर मराठीतलं समालोचन होतं. बाळ ज. पंडितांच्या आवाजाने माग चालवणाऱ्या माणसालाही मैदानाचा नकाशा तोंडपाठ करून दिला. रेडिओ फुकट होता, आणि मुख्य म्हणजे सगळ्यांचा रेडिओ एकाच क्षणी बोलायचा.

14 मार्च 2001 चा दिवस सांगतो. ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या कोलकात्याच्या कसोटीचा चौथा दिवस, फॉलोऑन मिळालेला, म्हणजे लगेच पुन्हा फलंदाजीला उतरावं लागलेलं, लक्ष्मण आणि द्रविड खेळत होते. शाळा सुटल्यावर मी वडिलांच्या कारखान्यात डबा घेऊन गेलो. माग चालू असताना शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, त्यामुळे तिथे सगळं हातवाऱ्यांवर चालतं. रेडिओ दाराबाहेरच्या पानटपरीवर होता. कांड्या भरणारा पोरगा तिथून ऐकून यायचा आणि किती गडी बाद झाले ते बोटांनी दाखवायचा. एक बोट म्हणजे एक गडी, मूठ म्हणजे कुणी नाही. त्या दिवशी तो जितक्यांदा आत आला तितक्यांदा मूठ. मीही दोनदा जाऊन आलो, मूठच. संध्याकाळपर्यंत अख्खा दिवस एकही गडी पडला नाही, 4 बाद 254 चे 4 बाद 589 झाले. वडील धोटा बदलत होते, आणि मूठ दिसली की मान डोलवून पुन्हा ताण्याकडे वळत होते. त्या दोघांची 376 धावांची भागीदारी मी आजही मुठीच्या रूपानेच बघतो.

आता आजच्या प्रश्नाकडे येतो. आपल्या देशात याबाबत कायदा आहे, हे बहुतेकांना माहीत नसतं. 1993 च्या हिरो चषकाच्या प्रक्षेपणावरून वाद झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला आणि फेब्रुवारी 1995 मध्ये न्यायालयाने सांगितलं की प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. त्याच निकालाने दूरदर्शनची मक्तेदारीही मोडली, आणि ते योग्यच झालं. पुढे 2007 मध्ये संसदेने कायदा केला. राष्ट्रीय महत्त्वाच्या ठरवलेल्या सामन्यांचं थेट चित्र, प्रक्षेपणाचे हक्क कुणीही विकत घेतलेले असले तरी, दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीला द्यायचं. त्यावर जाहिरातींतून जे मिळेल त्यातला किमान तीन चतुर्थांश वाटा हक्क घेणाऱ्या कंपनीला. मला हा कायदा फार शहाणपणाचा वाटतो. धंदा करणाऱ्याचं नुकसान नाही आणि गरिबाच्या घरात सामना दिसतो. 2011 चा विश्वचषक अंतिम सामना दूरदर्शनवर दिसला तो यामुळेच.

मग 22 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की हे चित्र दूरदर्शनच्या स्वतःच्या प्रक्षेपणावर आणि त्याच्या फुकट डिशवरच दाखवायचं, केबलवाल्यांमार्फत घरोघरी जाणाऱ्या दूरदर्शनवर नाही. कायद्याचा मजकूर पाहता न्यायालयाचं चुकलं असं मी म्हणणार नाही. ज्यांनी हक्कांसाठी पैसे मोजले त्यांची बाजूही खरी होती. पण परिणाम काय झाला ते पेठेत येऊन बघा. आमच्या भागात बहुतेक घरांत केबल. त्या घरात दूरदर्शन दिसतं, पण त्यावर सामना दिसत नाही. दूरदर्शनची फुकट डिश वेगळी घ्यायची, तर एका खोलीच्या घरात दुसरी डिश कोण लावतो? ही चूक कायद्याच्या मजकुरातली आहे, आणि मजकूर बदलणं संसदेच्या हातात आहे. भारतीय संघाचे सामने, पुरुषांचे आणि महिलांचे दोन्ही, दूरदर्शन जिथे जिथे दिसतं तिथे तिथे दिसले पाहिजेत, एवढी एक ओळ कायद्यात आली तरी पुष्कळ झालं.

यावर पहिला आक्षेप पैशाचा. क्रिकेट मंडळाला पैसा लागतो, आणि तो प्रक्षेपणाच्या हक्कांतून येतो. हे मी मानतो. त्याच पैशामुळे 2022 च्या ऑक्टोबरमध्ये मंडळाने महिला आणि पुरुष खेळाडूंचं सामन्याचं मानधन सारखं केलं, आणि त्याबद्दल मंडळाचं कौतुक व्हायलाच हवं. पण आयपीएलच्या 2023 ते 2027 या पाच हंगामांचे हक्क 48,390 कोटी रुपयांना गेले. एवढा पैसा ज्या स्पर्धेतून येतो तिला मी हातही लावायला सांगत नाही. ती खुशाल पैसे घेऊन दाखवा. देशाच्या नावाने खेळणारा संघ मात्र देशाला दिसला पाहिजे. संघ विमानतळावर उतरला की सगळ्यांचा, आणि सामना चालू असताना वर्गणी भरणाऱ्यांचा, हे मला पटत नाही.

इंग्लंडचा दाखला डोळ्यांपुढे आहे. 2005 ची ऑस्ट्रेलियाविरुद्धची अ‍ॅशेस कसोटी मालिका तिथे फुकट दिसणाऱ्या वाहिनीवर होती आणि त्या उन्हाळ्यात अख्खा देश क्रिकेटवेडा झाला. पुढच्याच वर्षीपासून त्यांच्या देशातले कसोटी सामने पैसे भरून बघायच्या वाहिनीकडे गेले. मंडळाची तिजोरी भरली, पण सामना सहज नजरेस पडण्याची सोय संपली. 14 जुलै 2019 ला इंग्लंड विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात पोचलं तेव्हा तो सामना फुकट वाहिनीवरही दाखवला गेला. चौदा वर्षांनी का होईना, ही आठवण सगळ्यांची असायला हवी हे त्यांना उमगलं. आपण तोपर्यंत थांबायचं कारण नाही.

आणि खेळाडू कुठून तयार होतात? आपल्याच जिल्ह्यातल्या माळशिरस तालुक्यातल्या मिरे गावची किरण नवगिरे. ती भालाफेक, गोळाफेक करणारी मुलगी. 2011 च्या अंतिम सामन्यातला धोनीचा विजयी षटकार बघून आपणही असे षटकार मारावेत असं तिला वाटलं, हे तिने स्वतःच सांगितलंय. 2022 मध्ये नागालँडकडून खेळताना तिने ट्वेंटी-20 सामन्यात नाबाद 162 केल्या, त्याच वर्षी भारताकडून खेळली, आणि 2023 च्या महिला प्रीमियर लीगमध्ये बॅटवर धोनीचं नाव आणि 7 आकडा लिहून उतरली. 2 एप्रिल 2011 ला वानखेडेवरचा तो चेंडू मिरे गावात दिसला नसता तर? कुठल्या मुलीला कुठल्या रात्री काय दिसेल हे आधी सांगता येत नाही, म्हणून ते सगळ्यांना दिसलं पाहिजे.

दुसरं म्हणणं मला जास्त विचारात पाडतं. लोक म्हणतात, मोबाईलने उलट सामना सगळ्यांच्या हातात दिला. यात खरेपणा आहे, आणि तो आमच्या घरातल्या बायकांनी मला दाखवला. 1998 च्या त्या रात्री मी रस्त्यावर पहिल्या रांगेत होतो. माझी बहीण जिन्यात उभी होती, कारण रात्री पोरांच्या गर्दीत मुलीने बसायचं नाही. तिला अर्धाच पडदा दिसत होता. कट्ट्यावर बायका होत्या त्या कामाच्या निमित्ताने, सूप मांडीवर होतं म्हणून. पानटपरीवरचा रेडिओ, हॉटेलातला रेडिओ, हे सगळे पुरुषांचे अड्डे होते. आज तीच बहीण भांडी घासताना मोबाईल ओट्यावर ठेवून कसोटी बघते आणि तिला कुणाला विचारावं लागत नाही. मी ज्याला सगळ्यांची आठवण म्हणतो ती कधीच पुरती सगळ्यांची नव्हती. म्हणून मी जुनी खिडकी जशीच्या तशी परत मागत नाही. बहीण जिन्यात उभी राहणार नाही अशी जागा मागतोय.

मोबाईलने एकटं बघायची सोय दिली, पण त्याबरोबर माणसाला एकटं गाठायची सोयही झाली. पैसे लावायचे खेळ त्याच पडद्यावर आले, आणि पोरं भारत जिंकतोय की नाही याऐवजी आपल्या यादीतला गोलंदाज गडी घेतोय की नाही ते बघू लागली. 2025 च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली ते बरं झालं. दहा माणसांत बसलेला पोरगा असा जुगार सहसा खेळत नाही, त्याला टोकणारं कुणीतरी असतं.

म्हणून कायद्याइतकीच गरज जागेची आहे. सोलापूरसारखं शहर यात मागे असावं याचं मला वाईट वाटतं, कारण या गावाचं क्रिकेटशी जुनं नातं आहे. पॉली उम्रीगर इथे जन्मले. कसोटीत भारताकडून पहिलं द्विशतक त्यांचं, 1955 मध्ये हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध 223. 59 कसोटी, 12 शतकं. पार्क मैदानावर 2024 च्या जानेवारीत महाराष्ट्राचा मणिपूरविरुद्ध रणजी सामना झाला. अर्शीन कुलकर्णी याच शहरातून एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकापर्यंत आणि आयपीएलपर्यंत गेला. खेळणारे तयार होतायत. बघणाऱ्यांनी एकत्र कुठे बसायचं?

पार्क मैदानावर मोठा पडदा लावा ही मागणी सोपी आहे, पण माझी पहिली मागणी ती नाही. 4 जून 2025 ला बंगळुरूत विजयोत्सवाच्या गर्दीत चेंगराचेंगरी होऊन अकरा जणांचे जीव गेले. गर्दीचा धोका सांगणाऱ्याला मी भित्रा म्हणणार नाही. सोलापूर दर जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेची गर्दी होम मैदानावर सांभाळतं, नंदीध्वजांची मिरवणूक अरुंद पेठांतून नेतं, तेव्हा हे शहर गर्दीला नवखं नाही. तरी मला हवेत ते छोटे पडदे आणि पुष्कळ. पेठेपेठेतली महापालिकेच्या शाळांची पटांगणं संध्याकाळी रिकामी असतात. समाजमंदिरं आहेत. गणपतीत आणि नवरात्रात पडदे उभारणाऱ्या मंडळांकडे सगळं सामान आहे, जोडणारी पोरंही आहेत. दोनशे माणसं, ओळखीचे चेहरे, पुढच्या जागा बायकांना आणि मुलींना, पिण्याचं पाणी आणि उजेड. विडी घरकुल आणि रे नगर या लांबच्या वसाहतींत तर याची गरज गावापेक्षा जास्त आहे, तिथून एवढ्या लांब रात्री पार्कवर कोण येणार आणि परत कसं जाणार? क्रिकेट मंडळ 2015 पासून आयपीएलसाठी छोट्या शहरांत मोठे पडदे लावून फुकट प्रवेश देतं. लीगसाठी जमतं ते देशाच्या संघासाठी का जमू नये? महापालिकेने पटांगण आणि वीज द्यावी, मंडळाने परवानगीचं ओझं हलकं करावं, बाकीचं पेठा बघून घेतील.

त्या नोव्हेंबरच्या रात्री एकत्र बसायला हवं हे आईने आधी ओळखलं. वोल्वार्टचा झेल आम्हाला शिळा मिळाल्यावर ती काही बोलली नाही. सूप उचललं, पदराला लागलेला तंबाखूचा भुगा झटकला आणि शेजारच्या दारात जाऊन बसली. मग आम्हीही गेलो. तिथे आधीच बारा-तेरा माणसं होती, आत जागा नव्हती, आम्ही उंबऱ्यावर आणि पायऱ्यांवर. दीप्तीच्या चेंडूवर हरमनप्रीत कौरने मागे धावत जाऊन शेवटचा झेल घेतला तेव्हा कुणालाच आधी काही माहीत नव्हतं. आईच्या हातातली कात्री खाली पडली. बहीण सगळ्यांच्या पुढे, टीव्हीला जवळजवळ नाक लावून उभी होती, आणि तिला कुणी बाजूला हो म्हणालं नाही.

पुढच्या सामन्याला शेजाऱ्यांनी टीव्ही खिडकीत ठेवायचं कबूल केलंय, तोंड रस्त्याकडे. खिडकीपर्यंत वायर पुरत नाही, म्हणून मी कन्ना चौकातून दहा फुटांची नवी आणून ठेवलीय.